रुद्रम्माच्या माश्या आणि रेवणसिद्धप्पाचं कारळं

रुद्रम्मानं मधमाश्या पाळल्या त्या मधासाठी नव्हे. मध तिला फारसा आवडतही नव्हता. रेवणसिद्धप्पाच्या तोंडावर, मानेवर आणि त्या डाव्या तळहातावर काटे मोडावेत, त्यानं गुरासारखं हंबरावं आणि आपण बांधावर उभं राहून ते शांतपणे बघावं, एवढ्याचसाठी तिनं हा खटाटोप केला. बाईचा हेतू आधीच सांगितलेला बरा. नाहीतर ऐकणारा तिला नुसती उद्योगी विधवा समजायचा आणि हळहळत बसायचा.

डाव्या तळहाताचं कारण जुनं होतं. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य बुडालं आणि थोड्याच दिवसांत होनवाडीत मिलिटरीची जीप आली. रझाकारांना धान्य कोणी पुरवलं याची चौकशी सुरू झाली. पुरवलं होतं रेवणसिद्धप्पानं, दोन गाड्या जोंधळा, स्वतःचा जीव वाचवायला. त्या दिवसांत पुष्कळांनी जीव वाचवायला पुष्कळ काही केलं, त्याबद्दल रुद्रम्माचं काही म्हणणं नव्हतं. पण चौकशीचं बोट आपल्याकडं वळतंय असं दिसताच त्यानं ते उचलून शेजाऱ्यावर ठेवलं. भर चावडीत गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या करड्यातून, म्हणजे डबीतून काढलं, पूजेला घ्यावं तसं डाव्या तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "गाड्या तिप्पण्णाच्या हुत्या. मी डोळ्यानं बघितलंय."

तिप्पण्णा म्हणजे रुद्रम्माचा नवरा. तो चौदा महिने बिदरच्या तुरुंगात राहिला आणि मग पुरावा नाही म्हणून सुटला. पण होनवाडीला पुराव्याशी काय करायचं होतं? लिंग हातात घेऊन माणूस खोटं बोलतो हे गावाला पटण्यासारखं नव्हतं. तिप्पण्णा रझाकारांचा माणूस होता हे मात्र पटलं, कारण तो मुळात कमी बोलायचा. गावचे जंगम गुरुपादय्या त्यांच्या घरी पाद्यपूजेला यायचे थांबले. स्वामी थांबले तसे बाकीचेही थांबले. तुरुंगातून आणलेला खोकला तिप्पण्णानं वर्षभर पुरवला आणि एक्कावन्न साली तो गेला.

त्याला फुलांत बसवून समाधीला नेला तेव्हा चार माणसं आली. तिघं हळ्ळीखेडहून, रुद्रम्माच्या बहिणीच्या घरची. चौथा रेवणसिद्धप्पा. त्यानं समाधीच्या खड्ड्यात विभूती टाकली, बेलाचं पान टाकलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. ते पाहून रुद्रम्माच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. पुढं चार वर्षं ती रडली नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. या माणसानं पुन्हा त्याच चावडीत यावं, तेच लिंग त्याच तळहातावर घ्यावं आणि आपण खोटं बोललो असं गावाला सांगावं. तो ते आपणहून करणार नाही हे तिला ठाऊक होतं. मग निदान त्यानं तडफडावं, एवढी तरी सोय व्हायला हवी होती.

बावन्नच्या माघात ती बिदरला गेली. नवरा निर्दोष होता असा एखादा शिक्क्याचा कागद मिळतो का, ते बघायला. तसा कागद नसतो, असं कचेरीत सांगितलं. बाहेर येऊन ती लिंबाच्या झाडाखाली टेकली, तर तिथं ग्रामोद्योगाचा वर्ग भरलेला. अच्युतराव नावाचे टोपीवाले मास्तर एक लाकडी पेटी पुढ्यात घेऊन सांगत होते, "मधमाशी एकटी लढत नाही. घराला धोका दिसला की सगळ्या मिळून तुटून पडतात. त्यांच्यापुढं बैल टिकत नाही, माणसाचं काय घेऊन बसलात?"

रुद्रम्मानं ते ऐकलं आणि उरलेले आठ दिवस ती बिदरमध्येच राहिली, एका ओळखीच्या बाईच्या पडवीत.

वर्गात तिला पहिला धक्का बसला तो असा, की मोहोळाला राजा नसतो. ती समजत होती की मधोमध एक मिशाळ राजा बसतो आणि बाकीच्या त्याचे पाय चेपतात. मास्तरांनी लांब पोटाची माशी बोटानं दाखवली आणि म्हणाले, "ही राणी. सगळा संसार हिच्यावर. नर असतात, पण ते आयते खाऊन हिंडतात." हे मात्र रुद्रम्माला लगेच पटलं.

चैत्रात तिनं आपल्या विहिरीच्या कपारीतलं सातेरी माश्यांचं मोहोळ पेटीत भरलं. पोळी कापून चौकटीला बांधली, राणी अलगद धरून आत सोडली, तर बाकीच्या हजारो माश्या नवरीमागं वऱ्हाड निघावं तशा चालत चालत पेटीत शिरल्या. एवढ्या गडबडीत तिला दोन डंख बसले, तेही बोटाखाली माशी चेंगरली म्हणून. तिची फार निराशा झाली. डसायला आणलेली जात इतकी गरीब निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

मग ती रोज सकाळी पेटीचं झाकण काढून बघायला लागली, माश्यांना काही राग बिग आला का. एकविसाव्या दिवशी झाकण काढलं तर पेटी रिकामी. पोळी तशीच लोंबत होती, माशी एक नाही. ती तणतणत बिदरला गेली आणि मास्तरांसमोर उभी राहिली.

"मास्तर, तुमच्या माश्या पळून गेल्या."

"रोज उघडत होतात का?"

"व्हय. बघू न्हाई तर काय?"

"रोज उठून कोणी तुमच्या घराचं छप्पर उचललं, तर तुम्ही त्या घरात राहाल का रुद्रम्मा?"

आपल्या घराचं छप्पर कोणी उचललं होतं ते मास्तरांना कुठं ठाऊक? पण माश्यांबद्दल तिला त्या दिवशी पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली.

पाऊस सरल्यावर दुसरं मोहोळ मिळालं, वारुळातलं. या वेळी ती शहाणी झाली होती. पेटी तिनं मुद्दाम रेवणसिद्धप्पाच्या आणि आपल्या रानामधल्या बांधावर, बाभळीखाली मांडली. आठवड्यातून एकदा उघडायची, धुराड्यानं जरा धूर द्यायचा, वास येणारं तेल केसाला लावायचं नाही. काळी लोकर माशीला खपत नाही, असंही मास्तरांनी सांगितलं होतं. अस्वल समजून अंगावर येते म्हणे. आणि रेवणसिद्धप्पा तर कार्तिक ते माघ काळ्या घोंगडीशिवाय घराबाहेर पडत नसे. हे ऐकल्यापासून रुद्रम्माला थंडीची भारी ओढ लागली.

येळवस आली. त्या अमावास्येला या भागात गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे रानात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडायची, भज्जी-आंबिलीचं जेवण करायचं आणि बांधाशेजाऱ्याला हाक मारून बोलवायचं. वर्षभर तोंड न बघणारे त्या दिवशी एकमेकांच्या कोपीत जेवतात. रेवणसिद्धप्पा रीतीप्रमाणे बोलवायला बांधावरून येत होता, खांद्यावर काळी घोंगडी. तो बाभळीपाशी आला आणि रुद्रम्मानं पेटीमागून हातातल्या काठीचे तीन जोरकस तडाखे फळीवर हाणले.

माश्या उसळून बाहेर आल्या. त्यांनी घोंगडीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ज्या बाईच्या हातात काठी होती, तिच्याच तोंडावर त्या गेल्या.

रेवणसिद्धप्पानंच आपली घोंगडी तिच्या डोक्यावर टाकून तिला लांब ओढून नेलं. तिचे डोळे सुजून मिटले होते, ओठ भाकरीएवढा झाला होता. त्यानं नखानं तिच्या कपाळातले काटे काढले आणि चारचौघांत हसून म्हणाला, "अक्का, ह्या वयात कामून असले धंदे करायलाव? तिप्पण्णा असता तर करू दिला असता का?"

ते नाव त्याच्या तोंडून ऐकताना तिला डोळे उघडता येत नव्हते, हे त्याचं नशीब. चार दिवस ती अंधारात पडून होती आणि तिला एक गोष्ट उमजली. माशी भाडोत्री नसते. आपण दाखवू त्याला ती डसत नाही, जो तिच्या घराला हात लावील त्याला डसते. म्हणजे हे हत्यार या कामाचं नव्हे. तिनं पेटी फोडून टाकायचं ठरवलं होतं, पण बरी झाल्यावर बांधावर गेली तर माश्या शेंगदाण्याएवढ्या दारातून शिस्तीनं ये-जा करत होत्या, जणू काही झालंच नव्हतं. ती बराच वेळ बघत उभी राहिली. फोडणं झालं नाही. उलट वर्षभरात एकाच्या चार पेट्या झाल्या.

त्रेपन्नच्या हंगामात होनवाडीत एकच विषय होता, रेवणसिद्धप्पाचं कारळं. तीन एकरांत पेरलेलं, पिवळ्या फुलांनी नुसतं पेटलेलं, आणि काढलं तेव्हा दरसालच्या दुप्पट. घाण्यावरचा तेली म्हणाला, इतकं टपोरं बी त्यानं जन्मात पिळलं नव्हतं. रेवणसिद्धप्पा सांगत सुटला, "बसवण्णाची कृपा. माणसाचं मन साफ असलं की देव देतो." रुद्रम्मा हे ऐकायची आणि दात खायची. देवाला डोळे आहेत की नाहीत, असा प्रश्न तिला पडायला लागला होता.

त्याच वेळी अच्युतराव पेट्या बघायला गावात आले. बांधावर उभं राहून त्यांनी कापणी झालेल्या रानाकडं नजर टाकली आणि विचारलं, "हे कारळं कोणाचं?"

"शेजाऱ्याचं. देव पावला म्हणे त्याला."

मास्तर हसले. "देव कशाला? तुमच्या पेट्या पावल्या. कारळ्याचं फूल एकट्याच्या बळावर बी धरत नाही रुद्रम्मा. एका झाडाची धूळ दुसऱ्या झाडाला लागावी लागते, आणि ती माशी नेते. माशी फिरली नाही तर फूल नुसतं दिसायला. आत भूस."

रुद्रम्मानं चारी पेट्यांकडं पाहिलं. वर्षभर ती माश्यांचं सगळं करत होती. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, उन्हाळ्यात ओलं पोतं, मेणकिडा लागला तर पोळी उन्हात धरायची. आणि हे सगळं कशासाठी, तर नवऱ्याचा जीव घेणाऱ्याची रास दुप्पट करायला. गावात कोणी तिला जोड्यानं मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. त्या रात्री तिनं भाकरी केली नाही.

पेट्या दुसरीकडं न्यायच्या म्हणून तिनं सकाळीच दोन पेट्या विहिरीमागं हलवल्या, दोनशे पावलांवर. संध्याकाळी बघते तो त्या दोन पेट्यांतल्या माश्या जुन्या जागी बाभळीखाली रिकाम्या हवेत घिरट्या घालतायत. घर उचलून नेलं तरी त्यांना जुनीच जागा ठाऊक. मास्तर अजून गावातच होते. ते म्हणाले, "हात-दोन हात सरकवा, नाहीतर एकदम कोसाच्या पलीकडं न्या. मधल्या अंतरावर नेलंत तर त्या परतून मागंच येतात आणि मरतात." तिनं निमूटपणे पेट्या परत बांधावर आणल्या. पण कोसाच्या पलीकडं, हे शब्द तिच्या डोक्यात राहिले.

आणि मग रेवणसिद्धप्पानं आपल्या हातानं उरलेलं काम केलं. चोपन्नच्या चैत्रात देवळामागच्या वडावर आग्यामोहोळं लागली होती, सात की आठ. देवळातल्या स्वयंपाकाचा धूर वर गेला आणि आग्या उठला. रेवणसिद्धप्पाला तीस-चाळीस डंख बसले. तो पाच दिवस तापानं फणफणला आणि रुद्रम्मा ते पाच दिवस प्रसन्न होती. बरा होताच त्यानं पलिते पेटवून वडावरची सगळी मोहोळं जाळली. तेवढ्यानं राग निवेना म्हणून ओढ्याच्या कपारी जाळल्या, पडक्या भिंतींतली, झाडांच्या ढोलीतली मोहोळं हुडकून हुडकून संपवली. माणसांची टोळी घेऊन तो पंधरा दिवस हेच करत होता. रुद्रम्माच्या पेट्यांना मात्र त्यानं हात लावला नाही. "अक्काच्या माश्या गरीब हायत," म्हणाला.

रुद्रम्मा दारात बसून त्या जळक्या मेणाचा वास घेत होती. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की होनवाडीच्या या अंगाच्या शिवारात आता तिच्या चार पेट्यांखेरीज मोहोळ राहिलेलं नाही.

त्या सालच्या पावसाळ्यात रेवणसिद्धप्पानं दहा एकर कारळं पेरलं. गेल्या सालचा मान डोक्यात गेला होता. रुद्रम्मानं आपल्या रानात फक्त जोंधळा पेरला. त्याचं कारळं कळीला आलं, तशी एका तिन्हीसांजेला सगळ्या माश्या घरात परतल्यावर तिनं चारी पेट्यांची दारं जाळीनं बंद केली, आणि पहाटे गाडी जुंपून त्या हळ्ळीखेडला बहिणीच्या मळ्यात नेऊन ठेवल्या. बहीण कमलम्मा म्हणाली, "अक्का, तुझं रान सोडून इकडं कामून?" रुद्रम्मा म्हणाली, "तिकडं धूर लई झालाय." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

परत आल्यावर बांध तिला ओसाड वाटला. बाभळीखालची ती गुणगुण नव्हती. आपल्याला माश्यांची आठवण येते आहे हे तिला कळलं आणि तिचा स्वतःवरच राग आला. पण समोर दहा एकर पिवळं फूल वाऱ्यावर डोलत होतं आणि त्याच्यावर एक माशी नव्हती. ते बघायला ती रोज जात असे.

मार्गशीर्षात रेवणसिद्धप्पानं कारळं झोडपलं. उडवलं. भूस उडालं आणि खाली जे उरलं ते दोन पायल्याही भरलं नाही. पाऊस नीट झाला होता. तूर चांगली होती, जोंधळा चांगला होता. ओढ्यापलीकडल्या लांबच्या रानांत कारळंसुद्धा बऱ्यापैकी होतं. फक्त त्याचंच पोकळ. बैल विकला गेला असता तर तो दुःखी झाला असता. हे मात्र त्याला कळेचना, आणि जे कळत नाही त्याची भीती वाटते.

त्या येळवसीला तो बोलवायला आला तेव्हा अंगावर घोंगडी नीट नव्हती. रुद्रम्मा त्याच्या कोपीत गेली, पूजेला हात जोडले. तो म्हणाला, "अक्का, बी तेच, पाऊस तोच. फुलं तर तुमी बघितलाव. मग असं कामून झालं?"

रुद्रम्मानं धुऱ्यावर राहिलेलं एक वाळलं बोंड तोडलं, बोटानं चुरलं आणि फुंकून टाकलं.

"फूल तर लिंगापुढं ठेवावं असं आलं हुतं, अण्णा. आत काय न्हाई. फूलच खोटं बोललं म्हणायचं."

एवढंच बोलून तिनं भज्जीचा घास घेतला. रेवणसिद्धप्पाचा हात गळ्यातल्या करड्याकडं गेला आणि तिथंच राहिला. तो त्या दिवशी जेवला नाही.

पुढचे चार महिने तो खंगत गेला. रुद्रम्मानं एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं. बोलायची गरजच नव्हती. तो रोज मठात जाऊन बसायचा. गुरुपादय्यांनी शेवटी विचारलं म्हणे, "सांगायचं काही राहिलंय का रे?" तेवढ्यानं तो लहान पोरासारखा रडला.

पंचावन्नच्या बसव जयंतीला पालखी चावडीपुढं थांबली असताना रेवणसिद्धप्पा पुढं आला. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. म्हणाला, "गाड्या माझ्या हुत्या. तिप्पण्णाचा काही संबंध न्हाई. मी लिंग घिऊन खोटं बोललो. लिंगानं माझं रान पोकळ केलं." बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या रुद्रम्माकडं कोणाला बघवेना.

दुपारी गुरुपादय्या अनवाणी तिच्या दाराशी आले आणि कानडीत धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाले, "तंगी, पाद्यपूजा करतीस का? आमचंच चुकलं." तिनं त्यांचे म्हातारे पाय धुतले आणि धुता धुता तिला रडू कोसळलं. आत तिप्पण्णाची काठी भिंतीला टेकलेली होती, तिच्याकडं बघून ती रडत राहिली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. बाईला हवं ते मिळालं होतं. पण गाव कसं असतं बघा. आठवडा गेला नाही तो लोक म्हणायला लागले, केवढं मोठं मन रेवणसिद्धप्पाचं. स्वतःहून कबूल झाला. असं धाडस कोण करतो? भजनात त्याला पुढं बसवायला लागले. तोही चेहरा निवांत ठेवून सांगायचा, "लिंगानं शिक्षा केली, लिंगच माफ करील." तिप्पण्णाचा उल्लेख आला तरी ओघात यायचा, एखाद्या पुराणातल्या दगडासारखा, ज्याला ठेच लागून भक्ताला साक्षात्कार होतो.

ज्यानं रुद्रम्माचं घर बुडवलं तो बुडवूनही पुण्यवान ठरला होता. आणि त्याला शिक्षा कोणी केली हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो तिचं श्रेय देवाला देत होता.

श्रावणात तिनं पेट्या परत आणल्या. बाभळीखाली मांडल्या. रेवणसिद्धप्पानं भीत भीत चार एकर कारळं पेरलं होतं. त्याला फुलं यायच्या आधी तिनं तिप्पण्णाच्या जुन्या धोतराचा एक विरविरीत तुकडा फाडला, त्याची पिशवी शिवली आणि बांधालगतच्या कारळ्याच्या एका झाडावर चढवून खालून सुतळीनं बांधली. आत वारा जाईल, ऊन जाईल, माशी जाणार नाही.

दसरा झाला आणि आठ-दहा दिवसांनी तो स्वतःच बांधावर आला. तोंडावर हसू मावत नव्हतं. पुढची बोंडं भरून वाळायला लागली होती, मागची अजून फुलत होती, आणि सगळ्या रानात गुणगुण होती.

"अक्का, लिंगानं मला माफ केलं. बोंडं बघा, कशी दाटलीत. एक मागायचं हुतं. मला बी दोन पेट्या करून द्या. शिकीन म्हणतो. तुमचं बघून आवड लागायलीय."

"या की," रुद्रम्मा म्हणाली. "शिकवते."

तिनं धुराड्यात शेणी पेटवली, झाकण काढलं आणि एक चौकट वर उचलली. माश्या चौकटीवर सावकाश हिंडत होत्या. एकीच्या मागच्या पायांना पिवळ्या गोळ्या चिकटल्या होत्या.

"ही कुठनं आली सांगा."

"कारळ्यातनं."

"आन् ते पिवळं काय?"

"फुलाची धूळ असंल."

"शाबास." तिनं चौकट परत ठेवली, त्याला त्या बांधलेल्या झाडापाशी नेलं आणि सुतळी सोडली. पिशवीतलं एक वाळलं बोंड तोडलं, शेजारच्या उघड्या झाडावरचं एक तोडलं. "हात पुढं करा. डावा."

त्यानं डावा हात पुढं केला. तिनं दोन्ही बोंडं त्याच्या तळहातावर ठेवली.

"चुरा."

त्यानं उघड्या झाडाचं चुरलं. काळंभोर, तेलानं चमकणारं बी तळहातावर सांडलं. मग पिशवीतलं चुरलं. भूस. तो भुसाकडं बघत राहिला, मग धोतराच्या पिशवीकडं, मग पेट्यांकडं. त्याला वेळ लागला. नव्या माणसाला लागतोच.

"गेल्या साली," तो म्हणाला, "तुमच्या पेट्या हितं नव्हत्या."

"हळ्ळीखेडला हुत्या. कळी धरली तवा नेल्या, येळवस झाल्यावर बी आणल्या न्हाईत. बाकीची मोहोळं तर तुमीच जाळलाव."

"म्हंजे लिंगानं..."

"लिंगाला काय तुमच्या कारळ्याचं पडलंय, अण्णा? मी केलं."

त्याचं तोंड पांढरं पडलं. तो म्हणाला, "फसवलाव मला. मी चावडीत जाऊन सांगतो सगळ्यांना."

"जावा की. लिंग हातात घिऊन सांगा. एकदा घेतलाव तवा म्हणालाव, गाड्या तिप्पण्णाच्या. दुसऱ्यांदा घेतलाव तवा म्हणालाव, माझ्या. आता तिसऱ्यांदा घ्या. बघू कोण ऐकतंय."

रानात माश्या आपलं काम करत होत्या. रेवणसिद्धप्पा हात तसाच पुढं करून उभा होता. त्यानं तो हात मिटला नाही आणि झटकलाही नाही. वाऱ्यानं भूस तेवढं उडून गेलं, बी राहिलं.

रुद्रम्मानं तिप्पण्णाच्या धोतराचा तुकडा झटकला, घडी घातली आणि कमरेला खोचला. पेटीवर झाकण नीट बसवलं.

"पुढच्या साली कारळं पेरायचं असंल तर आदी मला इचारायला या," ती म्हणाली. "आन् येताना तिप्पण्णाच्या समाधीवरनं या. बेल वाहून."

मग ती धुराडं विझवायला विहिरीकडं गेली.